प्रकल्पवही, सातवी ब

एप्रिल. परीक्षा संपली. आई म्हणाली,
दुपारी रद्दीवाला येईल, काढून ठेव सगळं.
कूलरसमोर बसून मी वह्या निवडते.
वाळ्याच्या ओल्या वासात
मराठीच्या प्रकल्पांची पानं उडतात,
एकेक टोंगळ्याखाली दाबून ठेवते.

पहिला, जाहिरात लेखन.
काकांच्या कूलर दुरुस्तीची केली होती मी:
‘उन्हाला सांगा, पुढच्या गल्लीत जा.’
काकांनी झेरॉक्स काढून खरंच लावली दुकानाबाहेर.
फोन नंबरात एक आकडा चुकला होता.
सीताबर्डीच्या कुठल्याशा दंतवैद्याला
महिनाभर कूलरचे फोन.

दुसरा, वाक्प्रचारांची चिकटवही.
‘पोटात कावळे ओरडणे’च्या बाजूला
मी कावळे नाही काढले. डबा काढला,
मधल्या सुट्टीआधीचा, झाकण अर्धं उघडं.
मॅडमनी लिहिलं, चित्राचा संबंध स्पष्ट करा.
डब्याचा आणि भुकेचा संबंध!

तिसरा, मुलाखत.
‘परिसरातील एका व्यावसायिकास दहा प्रश्न विचारा.’
बाबा ई-रिक्षा चार्जिंगला लावत होते.
हौ.
नाही.
लिही ना तुह्या मनानं काहीबी.
मग लिहिलं मी माझ्या मनानं, दीड पान:
‘माझ्या वडिलांना आपले काम अतिशय आवडते.
प्रवासी हेच त्यांचे दैवत आहे.’
दहापैकी नऊ.
वर्गासमोर उभं राहून वाचायलाही लावलं.

चौथा या ढिगात नाही.
बोलीचा शब्दकोश, माझा आणि दिव्या साहूचा.
दिव्याच्या घरी छत्तीसगढी बोलतात.
तिचे शब्द घ्यायचे की नाही, दोन दिवस भांडलो,
मग घेतले मागच्या पानांवर, पेन्सिलीनं,
म्हणजे कोणी रागावलं तर खोडता येतील.
बाबर मॅडम सांगलीकडच्या. पहिल्याच आठवड्यात
त्यांनी विचारलं होतं, भैताड ही शिवी आहे का?
वर्ग विचारात पडला.
सुमेध म्हणाला, मॅडम, कोण म्हणते त्याच्यावर आहे.
अर्थाच्या रकान्यात आम्ही तेच लिहिलं.
सांबार म्हणजे कोथिंबीर. भेदरं म्हणजे टमाटे.
इस्तो म्हणजे विस्तव. उलुसा म्हणजे,
उलुसा म्हणजे उलुसाच, पण आम्ही ‘थोडासा’ लिहिलं.
दहापैकी सात.
डिंक बाहेर आला होता, वर्णानुक्रम चुकला होता.
वही मात्र परत मिळाली नाही.

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात दिसल्या मॅडम.
मी कांद्याच्या पोत्यांआड.
‘सांबार कसा दिला?’ त्यांनी विचारलं,
शब्द इतका जपून उचललेला,
जशी आम्ही इंग्रजीच्या तासाला वाक्यं उचलतो.
भाजीवाल्या बाईनं जुडी दिली, वर चार काड्या.
मी हाक नाही मारली.
का, ते सांगता येत नाही.

आता बाबा जेवायला आलेत.
ताट बाजूला ठेवून मुलाखतीचं पान उचलतात,
वाचतात ओठ हलवत.
दैवतापाशी थांबतात.
‘हे मी कवा म्हनलं?’
नऊ मिळाले, मी सांगते.
ते पान उलटं करतात. मागची बाजू कोरी.
‘तुह्या त्या शब्दाच्या वहीत धोटा होता का?’
नव्हता.
‘मागावर असते. इकून तिकून जाते सुताच्या मधातून.
तुह्या आजोबाच्या हातात पाहाले पायजे होता.’
पोळीचा तुकडा धरलेला त्यांचा हात
हवेत डावीकडून उजवीकडे जातो, परत येतो.
आणखी? मी पेन शोधते.
‘कांडी. फणी. अन् थांब, एक होता,
सूत तुटलं का जोडतेत ना, त्याले म्हनत...’

आठवत बसतात. कूलर घरघरतो.
खाली रद्दीवाल्याची हाक, एकदा, दोनदा.
आई गॅलरीतून विचारते, काढलं का सगळं?
मी टोंगळा हलवत नाही.